अडीनडीची नोट

जगात सगळ्यात महाग चलन कुवेतचा दिनार. एका दिनाराला तीन डॉलरहून जास्त येतात. आता समजा, असा दिनार खिशात घालून तुम्ही रात्री अकरा वाजता लाओसमधल्या नदीकाठच्या एखाद्या गावात बसमधून उतरलात. एटीएमने कार्ड आत ओढलं ते परत दिलंच नाही. लॉजच्या गल्ल्यावर बसलेल्या पोरासमोर तुम्ही दिनाराची नोट ठेवलीत. पोरगा ती उलटीपालटी करून बघेल, ट्यूबखाली धरेल, आत जाऊन बापाला उठवेल, आणि बाप नम्रपणे हसून नोट तुमच्या हातात परत देईल. त्याच गल्ल्यावर वीस डॉलरची एक स्वच्छ नोट ठेवा. बापाची झोप मोडणार नाही आणि किल्ली तुमच्या हातात येईल.

परदेशी निघताना खर्चाच्या पैशांखेरीज थोडी रोकड वेगळी बांधून न्यावी, हे आता बहुतेकांना पटलेलं असतं. अडतं ते कुठल्या देशाची न्यावी इथे. माझी नोकरी एका बँकेच्या मुंबईतल्या फोर्टातल्या शाखेत, परकीय चलनाच्या काउंटरवर गेली. काचेपलीकडून हा प्रश्न बहुधा एकाच तऱ्हेने यायचा: "मॅडम, सध्या सगळ्यात मजबूत काय आहे?" मजबूत म्हणजे न घसरणारं, जमलं तर चार पैसे वाढणारं. मुदत ठेव ठेवायची असेल तर हा प्रश्न रास्तच आहे. अडीनडीच्या नोटेला मात्र वेगळाच प्रश्न विचारावा लागतो: अवेळी, अनोळखी गावात, हिला ओळखणारं कोण भेटेल? घरातला गॅसचा दुसरा सिलिंडर काठोकाठ भरलेला असला तरी आपला रेग्युलेटर त्यावर बसला नाही, तर पाहुणे उपाशीच राहतात. स्विस फ्रँक हे माझ्या मते अत्यंत सज्जन चलन आहे. पण जॉर्जियाच्या डोंगरातल्या टॅक्सीवाल्याची आणि त्याची गाठ पडलेली नसते, आणि रात्रीची वेळ ही ओळखपाळख करून द्यायची वेळ नव्हे.

आमच्या आधीच्या पिढीला हा पेच पडलाच नाही, कारण तिला निवडच नव्हती. सत्तर सालच्या आसपास अमेरिकेला शिकायला गेलेल्या कुणाशीही बोला, 'आठ डॉलर' हा आकडा तो सांगितल्याशिवाय राहत नाही. सरकार हातावर ठेवायचं ते तेवढेच. १९७३ च्या फेरा कायद्याने तर परवानगीवाचून परकीय चलन जवळ बाळगणं हा फौजदारी मामला करून टाकला. मी नोकरीला लागले तेव्हाही चलन दिलं की पासपोर्टाच्या मागच्या पानांवर रक्कम लिहून, शिक्का मारून सही करायची असे. एवढीशी रक्कम लिहिताना साहेब पेन असं सावकाश चालवायचे, जणू स्वतःच्या खात्यातून देताहेत. जून २००० मध्ये फेराच्या जागी फेमा कायदा आला, २००४ मध्ये वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठवायची मुभा मिळाली, आज ती अडीच लाखांवर आहे. त्यातली नोटांच्या रूपात नेता येते ती रक्कम बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलर. राखीव पैशाला हे भरपूर झालं. माझ्या हिशेबाने दोन रात्रींचं लॉज, दोन दिवसांचं खाणं आणि वकिलातीपर्यंत किंवा विमानतळापर्यंतची टॅक्सी निघेल एवढेच पैसे या कामाला लागतात. त्याहून जास्त नेलं की ते राखीव राहत नाही. दुकानात काहीतरी दिसतं आणि हात आपोआप तिकडे जातो.

मधल्या काळात ट्रॅव्हलर्स चेक होते. अमेरिकन एक्सप्रेसने १८९१ मध्ये काढलेली ही युक्ती: एक सही घेताना, दुसरी मोडताना, आणि हरवला तर भरपाई. शंभर वर्षं चालली. मला ते चेक द्यायला आवडे, कारण आमच्यासमोर पहिली सही करताना माणसं एकदम गंभीर होत. एटीएमने ते मारले. चेक गेले तेव्हा कुणी हळहळलं नाही. पण त्या चेकांमुळे नोटेच्या चेहऱ्यामोहऱ्याकडे बघायची सवय प्रवाशाला लागलीच नाही, आणि आता ती लावून घ्यावी लागते.

राखीव नोट म्हणून माझं पहिलं उत्तर डॉलरच असतं, आणि त्यात अमेरिकेच्या कौतुकाचा भाग नाही. इक्वेडोर, एल साल्वाडोर, पनामा हे देश डॉलरवरच चालतात. कंबोडियात भाजीपासून हॉटेलपर्यंत डॉलर चालतो आणि सुटे रियेलमध्ये मिळतात. व्हिसा विमानतळावर किंवा सीमेवर काढायचा असेल तर फी डॉलरमध्ये मागतात. ज्या देशाशी अमेरिकेचं भांडण आहे तिथे तर डॉलरच जास्त लागतो. इराणमध्ये बाहेरची कार्डं चालत नाहीत, रशियात मार्च २०२२ पासून बाहेरचं व्हिसा-मास्टरकार्ड बंद आहे, मग माणूस नेणार काय, तर रोख डॉलर किंवा युरो. भांडण असलेल्याची नोट उशाखाली ठेवायची, हा व्यवहार जगभर बिनबोभाट चालतो.

पण 'डॉलर' एवढं म्हणून भागत नाही. कुठला डॉलर, हे बघावं लागतं. शंभराच्या नोटेवर बेंजामिन फ्रँकलिन असतो. १९९६ च्या आधी तो छोट्याशा लंबगोल चौकटीत बसलेला असायचा. मग चेहरा मोठा झाला, आणि ऑक्टोबर २०१३ पासून नोटेवर उभी निळी पट्टी आली. अमेरिकन सरकार सांगतं की १८६१ पासून आम्ही काढलेली प्रत्येक नोट पूर्ण किमतीला चालते. हे वाक्य वॉशिंग्टनमध्ये खरं आहे. ब्यूनोस आयरेसच्या फ्लोरिडा रस्त्यावर, जिथे 'काम्बियो, काम्बियो' ओरडत दलाल उभे असतात, तिथे लहान चेहऱ्याचा फ्रँकलिन आणि मोठ्या चेहऱ्याचा फ्रँकलिन असे दोन भाव लागत आले आहेत. तोच शंभर, त्याच सरकारचा, पण लहान चेहऱ्याला बट्टा. का, असं विचारलं तर दलाल खांदे उडवतो: माझ्याकडून पुढचा घेत नाही. त्याचा पुढचाही हेच सांगतो. ही साखळी शेवटी कुठे जाऊन थांबते ते कुणी पाहिलेलं नाही, आणि तरी तिच्यापुढे अमेरिकेच्या अर्थखात्याची हमी लंगडी पडते.

मला यात परकं काही वाटत नाही. पेशवाईत पुण्याच्या बाजारात अंकुशी, चांदोरी आणि आणखी कितीक तऱ्हांचे रुपये फिरत, आणि सराफ प्रत्येकाला हातात घेऊन, वाजवून, आपल्या मनाने बट्टा कापत. टांकसाळ कुणाची, यापेक्षा सराफाचा अंगठा काय म्हणतो त्याला वजन. तो अंगठा अजून गेलेला नाही. आता तो कंबोडियातल्या सिएम रीपच्या काउंटरवर बसलेल्या मुलीचा आहे. ती नोट घेते, कडा बोटाने चाचपते, मधोमध घडी आहे का बघते, पेनाची रेघ शोधते. कडेला मुंगीच्या तोंडाएवढी फाट असली तरी नोट परत. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. आपण तिच्या देशात आहोत आणि पुढचं गिऱ्हाईक मागे उभं आहे.

आपल्या हातांना मात्र नोटेला असं जपायची सवयच नाही. आपण नोटेवर हिशेब लिहिले, देवापुढे ठेवून कुंकू लावलं, अंगठा जिभेला लावून ती मोजली. बँकांनी तर गड्ड्यांना पिना ठोकून सगळ्या देशाच्या नोटांना भोकं पाडली. रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये ते थांबवायला सांगितलं तेव्हा आमच्या शाखेतले कॅशियर काही दिवस हात बांधून घातल्यासारखे वागत होते. अशा हातांतून डॉलर गेला की परदेशात त्याची कुंडली मांडली जाते. म्हणून चलन घेताना काउंटरवरच एकेक नोट उलगडून बघावी. मागे रांग असली तरी. "मॅडम, सगळ्या चांगल्याच आहेत हो," असं आतला माणूस म्हणतोच. मीही म्हणायचे. तरी बघावी. निळ्या पट्टीची, न दुमडलेली, कोपरे शाबूत असलेली नोट मागावी आणि शिक्का असलेली परत करावी. काही देशांतले सराफ शंभरीवर बारीकसा शिक्का मारून ठेवतात, 'आम्ही तपासली' म्हणून. पुढच्या देशात हाच शिक्का तिचा गुन्हा ठरतो.

हे सगळं खरं, आणि याच्या नेमकं उलटही खरं. २००९ मध्ये झिम्बाब्वेने आपला डॉलर सोडून दिला. शंभर ट्रिलियनच्या नोटेपर्यंत जाऊन पोचलेला होता तो. मग तिथे अमेरिकन डॉलर चालू लागला. सुट्यांचा एवढा तुटवडा की एक डॉलरच्या नोटा मळून, घाम पिऊन चिंध्या व्हायच्या, आणि लोक त्या साबणाने धुऊन दोरीवर वाळत घालायचे. तिथल्या भाजीवालीला कोपरा दुमडला आहे का हे बघायला सवड नव्हती. दुसरी नोट मिळणारच नसेल तर मळकी नोटही लाडकी होते. नोट कोरी की मळकी हे तिची गरज किती त्यावर ठरतं, हे हरारेने शिकवलं. फ्नॉम पेन्हमध्ये बँका डॉलरने भरलेल्या, म्हणून तिथल्या दुकानदाराला नखरे परवडतात.

शंभराला भाव चांगला मिळतो, विशीला थोडा कमी, एकेकाला त्याहून कमी. म्हणून हुशार प्रवासी सगळे शंभरच नेतो आणि पहाटे तीन वाजता बारा डॉलरच्या टॅक्सीला शंभर काढतो. त्या वेळी सुटे कुणाकडेच नसतात. असले तरी नसतात. माझा रिवाज असा: दोन शंभर, चार-पाच विशीच्या, आणि हातात चुरगळेल अशी एकेक-पाचपाचची जुडी. विशीत बट्टा बसतो तो मी रात्रीच्या झोपेची किंमत म्हणून धरते.

डॉलर कुठे हरतो तेही बघितलं पाहिजे. क्यूबात २००४ पासून २०२० पर्यंत रोख डॉलर बदलायला गेलं की १० टक्के दंड कापत. तिथे जाणारे युरो नाहीतर कॅनडाचे डॉलर घेऊन जात. आणि २८ एप्रिल २०२५ ची दुपार. साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगालची वीज एका झटक्यात गेली. मेट्रो बोगद्यात थांबली, सिग्नल विझले, एटीएम आणि कार्डाची यंत्रं एकदमच मुकी झाली. माझ्या ओळखीचं एक जोडपं तेव्हा माद्रिदमध्ये होतं. मोबाइलला रेंज नाही, हॉटेल चार मजले जिन्याने. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा मालक शटर अर्धं वर करून, कागदावर बेरजा करत, फक्त रोख घेऊन पाणी, पाव आणि मेणबत्त्या देत होता. त्यांच्या पाकिटात आदल्या दिवशीच्या कॉफीचे सुटे युरो होते, त्यावर रात्र निघाली. डॉलर पोटाशी बांधलेल्या पिशवीत तसेच. ते बदलून द्यायला उघडं कोण होतं?

त्या दिवसापासून मी राखीव पैशाची दोन खाती मानते. एक तासाचं, एक दिवसाचं. वीज गेली, इंटरनेट पडलं, गल्लीत अडकलो, तर त्या देशाचंच चलन लागतं, आणि तेही बारीक नोटांत, कारण बेरीज कागदावर चाललेली असते. कार्ड चोरीला गेलं, बँकेने संशयावरून खातं गोठवलं, सीमा ओलांडून दुसऱ्याच देशात जावं लागलं, तर मोडायला एखादा दिवस मिळतो, तिथे डॉलर. युरोपात फिरणाऱ्याला ही दोन खाती एकाच नोटेत भागवता येतात. युरो तिथे तासालाही चालतो आणि दिवसालाही. पाचशेची जांभळी नोट तेवढी नको. ती २०१९ पासून नव्याने काढत नाहीत, अजून कायदेशीर आहे, पण पेट्रोल पंपावर काढलीत तर माणूस आधी तुमच्याकडे बघतो आणि मग पोलिसाला फोन करावा का असा विचार करतो. स्वीडनचं तर नवल वाटतं. दुकानांच्या दारावर 'रोख घेत नाही' अशा पाट्या लावणारा देश, आणि २०२४ मध्ये त्याच्याच सरकारने घरोघर पाठवलेल्या आणीबाणीच्या पुस्तिकेत सांगितलं आहे की घरात थोडी रोकड ठेवा.

पौंडाबद्दल लोकांना माया फार. कुणाचे काका लंडनला होते, त्यांनी दिलेली पन्नासची कागदी नोट ट्रंकेत जपलेली असते, ती घेऊन नातू निघतो. ३० सप्टेंबर २०२२ नंतर कागदी विशी आणि पन्नासी तिथल्या दुकानात चालत नाही. बँक ऑफ इंग्लंड बदलून देते. पण आपलं काम तिथे जाऊन रांगेत उभं राहायचं नसतं. डॉलरचा खरा मोठेपणा मला इथे दिसतो. त्याने आजवर आपली जुनी नोट रद्द केलेली नाही. बाजार बट्टा कापेल, सरकार पाठ फिरवणार नाही.

आपलं सरकार काय करू शकतं हे आम्ही काउंटरवरून पाहिलं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा गेल्या, नऊला बँका बंद होत्या, दहाला उघडल्या. रांगेत एक परदेशी जोडपं होतं. दोनच दिवसांपूर्वी एटीएममधून काढलेल्या पाचशेच्या कोऱ्या नोटा त्या बाईंच्या मुठीत. आपल्या देशातले युरो त्यांनी काढून दाखवले. त्यांना आमच्याकडे पूर्ण भाव होता, पण द्यायला शंभराच्या नोटा संपलेल्या. त्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मग आता इथे पैसा म्हणजे काय?" मी त्यांना चहा मागवला.

नेपाळात ते प्रकरण जास्त लांबलं. तिथले लोक वर्षानुवर्षं भारतीय पाचशे-हजारच्या नोटा घरात जपून ठेवत, आपल्या रुपयावर विश्वास म्हणून. त्या नोटा तिथल्या मध्यवर्ती बँकेत साचून राहिल्या, आणि डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटा वापरायलाच बंदी केली. नियम पुढे सैल होतात, पुन्हा आवळतात. पशुपतिनाथाला जाणाऱ्यांना माझं सांगणं एकच: शंभराच्याच न्या. शंभर भारतीय म्हणजे एकशेसाठ नेपाळी, हा दर १९९३ पासून हललेला नाही, आणि शंभराला तिथला दुकानदार तोंडाने ओळखतो.

आपल्या रुपयाला परक्या मुलखात असं तोंडाने ओळखणारे एकेकाळी पुष्कळ होते, हे आज सांगितलं तर पोरांना खरं वाटत नाही. कुवेत, बहारीन, कतार, दुबई, मस्कत इथे रिझर्व्ह बँकेचा रुपया हाच रोजचा पैसा होता. तिथे सोनं घ्यायचं, इकडे चोरून आणायचं, रुपये तिकडे साचवायचे आणि ते रिझर्व्ह बँकेला परत करून स्टर्लिंग मागायचं, असा खेळ सुरू झाला, तेव्हा १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाचा रुपया काढला गेला. क्रमांकाच्या आधी झेड अक्षर. इकडे तो चालत नसे, तिकडे मात्र राजा. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार काढला, बहारीनने १९६५ मध्ये. मग ६ जून १९६६ ला इंदिरा गांधींच्या सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलर पावणेपाच रुपयांवरून साडेसातला गेला, आणि उरलेल्या शेखांनी एकेक करून रुपयाशी संबंध तोडले. मस्कतने १९७० पर्यंत धरला. रत्नागिरीकडचा एक म्हातारा गिऱ्हाईक माझ्याकडे अशी एक लालसर दहाची नोट घेऊन आला होता, वडिलांच्या पेटीत सापडलेली. "याचे काय येतील?" मी म्हटलं, बँकेत काही नाही, जुन्या नोटा जमवणारे देतील. ते म्हणाले, "दुबईत बाबा याच्यावर भात जेवले आहेत." आणि नोट पुन्हा रुमालात बांधली.

ज्या नोटेची ओळख सरकार मेलं तरी मरत नाही, अशी नोट असते का? नोट नाही, पण एक नाणं होतं. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा १७८० मध्ये वारली. तिच्या चांदीच्या थालरवर त्यानंतर तेच साल राहिलं, आज पाडलं तरी १७८०. इथिओपिया, येमेन, सगळा तांबड्या समुद्राचा किनारा या नाण्यावर चालला. कॉफीचा व्यापारी ते हातात घेऊन बाईच्या खांद्यावरच्या ब्रोचमधले मोती नीट उठले आहेत का ते मोजायचा. त्या बाईचं राज्य कुठे होतं, ते कधी बुडालं, याची त्याला फिकीर नव्हती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांना इथिओपियाच्या मोहिमेसाठी पैसा हवा होता. पौंड तिथे कुणी घेईना. तेव्हा मेलेल्या सम्राज्ञीचे थालर पाडले गेले ते आमच्या फोर्टातल्या टांकसाळीत, १९४०-४१ मध्ये. नोकरीतली सगळी वर्षं मी त्या टांकसाळीच्या भिंतीला लागून बसस्टॉपला जात असे. हिंदुस्थानातल्या कारागिरांनी इंग्रजांसाठी ऑस्ट्रियाचं नाणं हबशी शेतकऱ्याच्या हातात पडावं म्हणून पाडलं. राखीव चलन कुठलं घ्यावं याचं इतकं चोख उत्तर इंग्रजांनी क्वचितच दिलं असेल: घेणाऱ्याला जे ओळखीचं, तेच न्यायचं. आपला झेंडा घरी ठेवायचा.

आई म्हणायची, सोन्यासारखं दुसरं काही नाही. हातात दोन बांगड्या असल्या की बाई कुठेही तरते. १९९१ च्या आखाती युद्धात ब्रिटिश वैमानिकांना अंगावर बांधायला सोन्याची सॉव्हरिन नाणी दिलेली होती, म्हणजे त्यांच्या लष्कराचं आणि माझ्या आईचं एकमत. पण सोनं मोडायला सराफ लागतो, सराफाला दिवसाउजेडी दुकान लागतं, आणि परक्या गावातला सराफ बांगडी बघून आधी विचारतो की ही तुमचीच कशावरून. जीव वाचवायला सोनं ठीक. हॉस्टेलच्या एका रात्रीसाठी बांगडी काढणं मला पटत नाही.

नोट ठेवायची कुठे, यावर आमच्या घरात एकमत नाही. आजी नऊवारीच्या कनवटीला पैसे खोवायची, तिथे हात घालायची कुणाची छाती नव्हती. तो कपडा गेला आणि त्याबरोबर जगातली सगळ्यात सुरक्षित तिजोरी गेली. माझ्या मैत्रिणी सलवारीच्या आत शिंप्याकडून चोरखिसा शिवून घेतात. नवरा बुटात, सुकतळ्याखाली ठेवतो. अडचण अशी की चोराला जी जागा सापडत नाही ती नोटेच्या तब्येतीला वाईट असते. बुटात घाम, चोरखिशात चार घड्या, पोटाच्या पिशवीत दोन्ही. सिएम रीपच्या पोरीने नाकारावी अशी नोट तयार करायचे हे खात्रीचे मार्ग आहेत. मी शंभराच्या नोटा पासपोर्टच्या जाड कव्हरच्या आत, पुठ्ठ्यामागे, सपाट ठेवते. विशीच्या एका वाचून झालेल्या पुस्तकात. आणि सुटे चोरखिशात, कारण ते चुरगळले तरी चालतात. पुस्तक मराठी असलं तर उत्तम. परदेशात ते कुणी पळवत नाही.

भाचीला हे सगळं पुराणातलं वाटतं. "अगं मावशी, फोन आहे ना," ती म्हणते. आयफेल टॉवरचं तिकीट यूपीआयने काढलेलं तिने मला दाखवलं होतं. मी १९ जुलै २०२४ ची आठवण करून दिली. एका सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीने जगभरचे संगणक बसले आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. ती म्हणाली, "तेव्हाही फोन चालू होते." हे खरं होतं. मी विषय बदलला.

पण समरकंदला निघाली तेव्हा आलीच. मी कपाटातली जुडी काढली. परत आल्यावर २,००० डॉलरपर्यंत नोटा घरी ठेवता येतात, त्यामुळे माझी राखीव गड्डी प्रवासांतून तशीच मुरत आली आहे. आम्ही दोघी खिडकीशी बसून नोटा पाखडल्या. निळ्या पट्टीच्या, बिनघडीच्या तिला दिल्या. पट्टी नसलेला एक शंभर आणि कुठल्याशा सराफाचा जांभळा शिक्का असलेला दुसरा, एवढे बाजूला पडले. ताश्कंदच्या काउंटरवर त्यांचं काही खरं नव्हतं. म्हटलं, ज्या देशाच्या आहेत तिथेच पाठवाव्यात, तिथे तर कुणी शिक्का बघणार नाही. दीर न्यू जर्सीला असतो, पुढच्या महिन्यात येणार होता. त्याला फोन केला की दोन शंभर घेऊन जा, तिथे किराण्याला वापर.

"वहिनी, शंभर नका देऊ," तो म्हणाला. "इथे कोपऱ्यावरच्या दुकानात पाटीच आहे, विशीच्या वरची नोट घेत नाही. विशीच्या असतील तर बघा."